नऊ माणसांची कॅप्टन

‘युद्धाचा पूर्वानुभव’ या रकान्यापाशी येऊन मनकर्णाची बोटं थबकली.

बाहेर एप्रिलचं ऊन नुसतं रणरणत होतं. कॉलेजच्या आवारातली कडुनिंबाची पानंही हलायची थांबली होती. पण कॉम्प्युटरच्या खोलीत मनकर्णा साळवे अंगात स्वेटर घालून बसली होती. अख्ख्या कॉलेजात एसी दोनच. एक प्राचार्यांच्या खोलीत आणि एक इथं; तोही माणसांसाठी नव्हे, मशीनं तापतात म्हणून. खिडक्यांना जाड पडदे, दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत कायमचा पौष महिना. दुपारची बॅच सुटली की प्रत्येक मशीनवर खोळ चढवायची, फरशी पुसून घ्यायची, आणि संध्याकाळची बॅच येईपर्यंत फोनची लाईन चालू आहे का ते बघत राहायचं, हे लॅब असिस्टंट म्हणून मनकर्णाचं काम होतं.

लाईन बघता बघताच तो खेळ तिला सापडला होता. त्यात चित्रं नव्हती, आवाज नव्हते. नुसती ईमेलवरची पत्रं. जगाच्या पाठीवर कुठं कुठं राहणाऱ्या लोकांनी मिळून एक देश कल्पनेनं उभा केला होता. त्या देशाच्या उत्तरेला बारमाही बर्फ, मधून वाहणारी एक काळी नदी, आणि नदीपलीकडे शत्रू. खेळणारा प्रत्येक जण त्या सैन्यातला शिपाई. आपल्या शिपायानं काय केलं ते ज्यानं त्यानं लिहून धाडायचं. मग शनिवारी मुख्यालयातून, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांकडून, निकाल यायचा, की पूल पडला की राहिला, कोण जगलं, कोण मेलं.

‘तुम्हाला काय येतं?’ असं मुख्यालयानं सुरुवातीला विचारलं तेव्हा तिनं खरं ते सांगितलं होतं. सामानाचा हिशेब ठेवता येतो. त्यांनी तिला रसदीवरची कॉर्पोरल केलं. मनकर्णाचं इंग्रजी टायपिंगच्या क्लासातलं. तिची रणांगणावरची पत्रंसुद्धा ‘वरील विषयास अनुसरून’ अशीच सुरू व्हायची. ‘आपल्या आदेशास अनुसरून कळविण्यात येते की, ब्लँकेटे पोहोचली आहेत, दोन भिजलेली आहेत.’ परदेशातल्या त्या लोकांना वाटे, ही कुणी फार कडक शिस्तीची बाई असणार.

आणि आता तुकडीच्या कॅप्टनला खऱ्या आयुष्यात मुलगी झाली होती. त्यानं सगळ्यांना निरोपाचं पत्र लिहिलं आणि खेळ सोडला. जागा रिकामी झाली. ज्यांना ती हवी असेल त्यांनी अर्ज करावेत, असं जाहीर झालं होतं.

“काय हो मनकर्णाताई, सैन्यात भरती होताय की काय?”

मागं वृषाली मॅडम उभ्या होत्या. नव्यानंच लागलेल्या, हसऱ्या. हातात फ्लॉप्यांचा डबा.

“खेळ आहे मॅडम.” मनकर्णा ओशाळली. “पत्रांवरचा.”

मॅडमनी वाकून कॉम्प्युटरवरचा मजकूर वाचला. “अय्या, भारीच की! मग अडलंय कुठं? अनुभव काय, काहीही लिहा. मोठ्या अकादमीत शिकले, तीन लढाया मारल्या, पाच पदकं मिळाली. सगळे तेच लिहीत असणार.”

“खोटं लिहिलं की पुढं निभवायला लागतं मॅडम.”

“अहो, तो देशच खोटा आहे ना?”

“देश आहे खोटा,” मनकर्णा म्हणाली. “पण अर्ज माझा आहे.”

मॅडम हसत हसत गेल्या. मनकर्णानं त्या रिकाम्या रकान्याकडे पुन्हा बघितलं. मग तिनं लिहायला घेतलं.

तिचं गाव तोफांच्या सरावाच्या माळाला लागून होतं. लहानपणी तिला ढगांचा गडगडाट आणि तोफेचा आवाज यांतला फरक कळत नसे. पुढं तो भांड्यांवरून कळायला लागला, कारण ढगांच्या आवाजानं घरातली भांडी वाजत नसत. सराव थांबला, माळावर सामसूम झाली, की गावातल्या गरीब बाया पाट्या घेऊन आत शिरायच्या. पितळ, तांबं, लोखंड, जे मिळेल ते वेचायच्या. जायची बंदी होती, पण भाकरीपुढं बंदी कोण ऐकतं? मनकर्णाची नजर तेज आणि आवाज खणखणीत, म्हणून तिला टेकडीवर बसवायच्या. लांबवर तोफांच्या गाड्यांचा धुरळा उठला की तिनं ओरडायचं, “फिरा गं, फिरा!” बारा वर्षांच्या पोरीच्या एका हाकेवर पंधरावीस बाया माघारी पळायच्या. त्यांत तिची आई असे, आत्या असे, शेजारणी असत. त्यांतल्या एकीनंही कधी विचारलं नाही की तू कोण सांगणारी.

एकदा सगळ्या फिरल्या. बनुआत्याही फिरली होती. पण तिची पाटी मागं राहिली होती. नवी पाटी होती. ती घ्यायला आत्या वळली. मनकर्णा वरून ओरडत राहिली, घसा फुटेस्तोवर ओरडत राहिली. सगळ्या आल्या. बनुआत्या आली नाही.

हे सगळं तिनं आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. शेवटचा प्रश्न होता, ‘ज्या आदेशानं तुमची माणसं हकनाक मरतील असा आदेश आला, तर काय कराल?’ तिनं लिहिलं, ‘आधी माणसे परत आणीन. खुलासा नंतर सादर करीन.’ आणि कुणी बघायच्या आत पत्र धाडून दिलं.

चार-सहा दिवस ती रोज लाईन जोडायची आणि मोडेमची किरकिर थांबेपर्यंत कॉम्प्युटरवरून नजर हलवायची नाही. हायस्कुलात असताना तिनं पोलीसभरतीला जायचं ठरवलं होतं. उंची बोटभर कमी पडली. नवऱ्याघरी सहा महिने राहिली, तिथं साधं मीठ आणायचं झालं तरी तिला कुणी विचारलं नाही. त्यानंतरची पंधरा वर्षं टायपिंग, नोकरी आणि आई. आयुष्यात तिनं मागितलं असं काही फार नव्हतंच. म्हणून हे एवढंसं मागणं तिला फार मोठं वाटत होतं.

उत्तर आलं. जनरल हार्कर नावानं खेळणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘अर्ज पुष्कळ आले, पण तुमची कल्पनाशक्ती विलक्षण आहे. टेकडीवरच्या मुलीचा प्रसंग तर आम्हाला इतका खरा वाटला, की आम्ही तो एकमेकांना वाचून दाखवला. अभिनंदन, कॅप्टन साळवे.’

मनकर्णानं ते दोनदा वाचलं. खोळ घालायची राहिलेली मशीनं तिच्याकडे बघत होती. मग तिनं उत्तर टाईप केलं, ‘आभारी आहे.’

त्या संध्याकाळी ती एसटीतून केडगावला उतरली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. रस्त्यावर डांबर पाघळलं होतं, आणि तिला पायाखाली बर्फ करकरताना ऐकू येत होता. रिक्षा स्टँडवरची माणसं, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, पुण्याकडे निघालेले ट्रक, सगळ्यांवर पांढरं पांढरं काही हळूहळू उतरत होतं. तिनं आयुष्यात बर्फ बघितलेला नव्हता. रसाच्या पेल्यात असतो तेवढाच.

आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. कडूबाईला आता दिसायचं कमी झालं होतं, पण लेकीच्या चालण्यावरून तिला सगळं कळायचं.

“आज काय गं, लई उड्या मारीत आली?”

“आई, मी कॅप्टन झाले.”

“मंग पगार वाढंल आता.”

“नाही वाढणार.”

“मंग कशाची कॅप्टन?”

मनकर्णानं सांगायचा प्रयत्न केला. लांबचा मुलूख आहे, माणसं दिसत नाहीत, पत्रांतून बोलतात. आईनं शेंगा फोडत सगळं ऐकून घेतलं.

“हाताखाली किती मानसं हायेत?”

“नऊ.”

“ती जेवली का?”

“आई, खेळ आहे गं तो.”

“आसू दे की. मानसं हाताखाली आली म्हंजी आदी त्यांचं जेवान इचारावं.”

दुसऱ्या दिवशी नव्या कॅप्टनचं पहिलं पत्र तुकडीला गेलं. ‘वरील विषयास अनुसरून, सर्वांनी जेवण झाले किंवा कसे ते कळवावे.’ नऊच्या नऊ जणांची उत्तरं आली. पोलंडचा मास्तर, ब्राझीलचा बेकरीवाला, कुठल्याशा बंदरातला क्रेन चालवणारा; प्रत्येकानं आपण बर्फात बसून काय खाल्लं ते लिहिलं, आणि बऱ्याच जणांनी खऱ्या घरी काय शिजलं तेही. सगळ्यांत शेवटी आर्नो या गृहस्थांचं आलं. ते पार उत्तरेकडच्या कुठल्या देशात राहत. बहुधा वयस्क असावेत. ते नेहमीच कमी लिहायचे. ‘सूप. एकट्यानं. विचारल्याबद्दल धन्यवाद, कॅप्टन.’

ते दोन महिने मनकर्णाला पुढं कधी नीट सांगता आले नाहीत. मशीनवरची धूळ पुसताना ती खंदकांतून चालायची. बॅचची पोरं प्रोग्रॅम अडला म्हणून हाक मारायची, तेव्हा तिला वाटे, पहारा बदलायची वेळ झाली. नदीच्या धुक्यात नऊ जणांचे आवाज यायचे, आणि सगळे तिच्या शब्दाची वाट बघत उभे असायचे. जूनच्या तोंडावर वर्तमानपत्रं खऱ्या लढाईच्या बातम्यांनी भरून आली. नगरच्या लष्करी भागातून ट्रकांच्या रांगा निघालेल्या दिसायच्या, एसटी थांबवून लोक जवानांना हात करायचे. मनकर्णाही हात करायची. त्या पोरांचे चेहरे बघितले, की त्या दिवशीच्या पत्रात ती आपल्या माणसांना आणखी जपून राहायला सांगायची.

त्याच दिवसांत जनरल हार्करचा आदेश आला. शनिवारपूर्वी कॅप्टन साळवे यांच्या तुकडीनं उघड्या बर्फातून नदी ओलांडून समोरच्या टेकाडावर हल्ला करावा. तुकडी खर्ची पडेल, पण कथेला रंगत येईल, असं खाली प्रांजळपणे लिहिलं होतं.

मनकर्णानं नकाशा छापून घेतला आणि दिवसभर पुढ्यात ठेवला. आडोसा नव्हता. झाड नव्हतं, दरड नव्हती.

“मॅडम,” तिनं वृषाली मॅडमना विचारलं, “खेळातला माणूस मेला की त्या खऱ्या माणसाचं काय होतं?”

“काय व्हायचंय? दुसरं नाव घेऊन परत खेळतो.”

“तोच परत येतो?”

मॅडमनी हातातला फ्लॉप्यांचा डबा खाली ठेवला. “तो येतो. पण ते नाव नाही येत.”

मनकर्णानं खुर्ची पुढं ओढली. आर्नो टेहळणीसाठी आधीच नदीपलीकडे गेलेले होते. तिनं पहिलं पत्र त्यांना लिहिलं, कारण सगळ्यांत लांब तेच होते. मग बाकीच्यांना. ‘आदेश रद्द समजावा. मागे फिरा. सामान राहिले तर राहू द्या. कुणीही कशासाठीही वळायचे नाही. तळावर आलात की एक ओळ लिहा.’

शनिवारपर्यंत एकेक ओळ येत गेली. ‘पोहोचलो.’ ‘पोहोचलो, बूट हरवला.’ बेकरीवाल्यानं रागानं लिहिलं की आपल्याला पदक हवं होतं, आणि खाली ‘पोहोचलो’ हेही लिहिलं. आठ झाले. आर्नो तेवढे राहिले.

शनिवारी मुख्यालयाचं पत्र आलं. सौजन्यानं लिहिलेलं होतं. कॅप्टन साळवे यांनी खेळाचा आराखडा मोडला आहे, सबब त्यांना पदावरून कमी करण्यात येत आहे. रसदीवरची जुनी जागा त्यांना हवी असल्यास राखून ठेवली आहे. मनकर्णाला वाटलं होतं, हे वाचून आपल्याला रडू येईल. ते आलं नाही. तिनं ठरल्याप्रमाणे खुलासा सादर केला, रसदीची जागा नको म्हणून कळवलं आणि नव्या कॅप्टनसाठी तुकडीची माहिती लिहायला घेतली. कोण थंडीला हळवा आहे, कोण उशिरा उत्तर देतो, कुणाच्या घरी म्हातारे आईवडील आहेत. शेवटी लिहिलं, ‘आठ जण तळावर आहेत. नववा वाटेत आहे. तो आल्यावर मी कार्यभार सोडीन.’

शेवटची बॅच सुटली. तिनं एकेक मशीन बंद केलं, खोळी चढवल्या, एसी बंद केला. कोपऱ्यातलं एक मशीन तेवढं राहू दिलं. खोलीत हळूहळू बाहेरची ऊब शिरायला लागली. तिनं स्वेटर काढून मांडीवर ठेवला आणि पुन्हा लाईन जोडली. काही आलेलं नव्हतं.

दिवेलागणीला वॉचमन कारभारीमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात आले.

“ताई, लावायचं न्हवं कुलूप? समदे गेले.”

“थोडं थांबता का मामा? एक माणूस यायचाय अजून.”

कारभारीमामांनी व्हरांड्यात इकडं तिकडं बघितलं. कुणीच दिसेना. “लांबून यायचाय व्हय?”

“हो. लई लांबून.”

“मंग थांबू की.”

त्यांनी जाऊन जिन्यातला दिवा लावला, फाटकाचा आगळ काढून ठेवला, आणि परत येऊन उंबऱ्याशी भिंतीला पाठ टेकून बसले.