सुताराच्या पुढचं घर

सुई तबकडीच्या काठावर टेकली आणि नुसतीच खरखरत राहिली—तव्यावर मीठ टाकल्यासारखी. मुक्ताबाईची नजर त्या सुईवर, हात परातीत. पीठ केव्हाच मळून झालेलं... तरी ती मळतच होती.

दीर गेणू लोणावळ्यात ज्या हॉटेलात कामाला होता, तिथून त्यानं रविवारपुरता रेकॉर्ड प्लेअर मागून आणला होता. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये त्याला जागा कुठली, तर धान्याच्या डब्यावर. सोबत एकच मोठी तबकडी. तिच्या पुठ्ठ्यावर मोरपिसांच्या टोपीतला एक म्हातारा. गाल बसले होते, तरी मुक्तानं त्याला बघताक्षणी ओळखलं. अंबाजी वासुदेव. आमच्या चिंचदऱ्याचा अंबाजी!

"सुटी गाणी न्हाईत ही, वैनी," गेणू म्हणाला. "अख्ख्या तबकडीवर एकच पहाट हाय. धरणात बुडालेलं गाव. वासुदेव येशीतनं शिरतो आन एकेक घर घेत जातो. घरटी एक गाणं."

"चिंचदरा म्हंजी हिचंच की गाव!" तांदूळ निवडणारी सासू झुंबरबाई हरखली. "तुमचं घर बी आसंल की त्येच्यात, मुक्ते!"

असणारच. आणि घर आलं की नावं आली. सुपातलं धान्य झोळीत घेताना त्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं वासुदेव घेतो, अमक्याला दान पावलं, तमकीला दान पावलं... आमच्या घरातल्या कुणाला घेशील रे बाबा? आजीला घे, चुलत्याला घे. नंदाला नको.

नंदा, थोरली बहीण. या घरात नंदा तापानं गेलेली होती. मुक्ताच्या लग्नाच्या वेळी बापानं बेलभंडार उचलून शपथेवर तसं सांगितलं होतं, आणि तिनं विहीर जवळ केली हे झुंबरबाईच्या कानावर आजवर गेलं नव्हतं. म्हणून तर ती चारचौघींत सांगायची, आमच्या सुनेचं माहेर धुतल्या तांदळासारखं! आता मुक्ताच्या लेकीचं, रुक्मीचं, कार्ल्याच्या पाहुण्यांशी लग्नाचं बोलणं चाललेलं. पाहुणे मोठे चौकस, आईकडच्या पिढ्याही खणून काढणारे. आणि हा म्हातारा प्लास्टिकच्या चकतीवर बसून सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असं गाणार... वीज तरी जावी. एरवी उठल्यासुटल्या जाते मेली, आज कशी टिकून आहे!

पाटलांचं घर आलं. गाण्याखाली गुरांच्या घंटा, आणि पाटलांच्या मेलेल्या माणसांची नावं त्या घंटांत मिसळलेली. कोपऱ्यातल्या घरी जात्याची घरघर. सुताराकडे तर चिपळ्या थांबल्या आणि गाणं लाकूड तासणाऱ्या वाकसाच्या ठोक्यांवर चालू लागलं—लाकडाचा वास यावा इतकं खरं. एवढ्या भीतीतही मुक्ताला ते आवडत होतं, आणि आवडतंय याचाच तिला राग येत होता. रात्रपाळी करून आलेला नवरा, कोंडाजी, भिंतीशी आडवा झाला होता. त्याचा अंगठासुद्धा ताल धरून हलत होता.

सुतार संपला. सुताराच्या पुढचं घर... आमचं.

पावलं वाजली. अनवाणी, मातीवरची. चिपळ्या नाहीत, टाळ नाही. पावलं मंद झाली, थांबता थांबता थांबली नाहीत, आणि पुढे गेली. मग एकदम चिपळ्या, पावा, आणि केरबा गुरवाचं घर.

"हितं चरा पडलाय जनू," गेणू वाकून बघू लागला.

"आन तुमचं घर कुटं ऱ्हायलं गं?" झुंबरबाईनं विचारलं.

मुक्ताला दिसलं ते आईचं सूप. नंदा गेली त्यानंतरच्या पहिल्या पहाटे आई सूप भरून दारात आली होती, "अंबाजीदादा, माज्या नंदीचं नाव घ्या"—आणि बापानं ते सूप हिसकून अंगणात भिरकावलं होतं. "ह्या दारात पुन्यांदा चिपळी वाजली तर बघ!" तेव्हापासून अंबाजी आमच्या दारावरून चिपळ्या छातीशी दाबून जायचा. आई कवाडाआड उभी राहून त्याची पावलं ऐकायची. रोज. बाप गेला, आई गेली, दार आणि विहीर दोन्ही पाण्याखाली गेली, आता म्हाताऱ्याला अडवणारं कोण उरलं होतं? तरी त्यानं नाव घेतलं नाही.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. गुरवाच्या घरची नावं चालली होती, तान्ह्या पोरांचीसुद्धा, आणि मुक्ताला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. माझी नंदी तेवढी राहिली... अख्ख्या गावातून तेवढी एकटीच राहिली.

"भावजी," तिचा आवाज तिलाच परका वाटला, "परत लावा. सुतारापासनं."

गेणूनं सुई उचलली. मुक्तानं पिठाचे हात पदराला पुसले आणि सासूपुढच्या सुपातले निवडलेले तांदूळ मूठभर उचलले.

"ते गं कशाला?"

"आसू द्या, आत्याबाई."

झुंबरबाईनं चष्म्यावरून बघितलं, आणि बघतच राहिली. वाकसाचे ठोके पुन्हा सुरू झाले. ते संपले की पावलं येतील, दाराशी मंद होतील, आणि तेवढ्या वेळात आपल्या तोंडून काय निघेल ते मुक्ताला कळेना. तिनं मूठ आणखी घट्ट केली.