विनोदाच्या आधी आलेलं हसू

मी ब्लू-रे प्लेअर बोलतोय. मनीषनगरमधल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीखालच्या कप्प्यातून बोलतोय. माझ्या डोक्यावर सध्या सेट-टॉप बॉक्स आहे, त्याच्यावर विजेचं बिल आणि त्याच्यावर कुणाचा तरी चष्मा. तरी माझं ऐकून घ्या. माझ्यावर खोटा आळ आला होता, आणि ज्यांनी तो घेतला त्यांच्याच घरात मला राहावं लागतंय.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर थर्माकोलमध्ये बसवून खोक्यात घातलं, त्यामुळे बालपणाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उजेड पाहिला तो सीताबर्डीत, चंद्रभान यांच्या दुकानात. माझं काम साधं आहे. तबकडी पोटात घ्यायची आणि तिच्यावरचा सिनेमा टीव्हीवर इतका लख्ख दाखवायचा, की नटाच्या कपाळावरचे घामाचे थेंब मोजता यावेत. पण लोक यायचे, मला निरखायचे आणि मोबाइलचं कव्हर घेऊन जायचे. दोन वर्षं मी हा अपमान गिळला.

मग धम्मानंद रामटेके आले. ते जलसंपदा खात्यात नकाशे काढतात. रेघ केसभर हलली तरी त्यांना खपत नाही. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी, दीक्षा. एक प्लेअर निवडायला हा माणूस पाच रविवार आला! वहीत माझ्यासाठी आणि माझ्या शेजारच्या स्वस्त भावंडासाठी रकाने आखलेले. चित्र कसं, आवाज कसा, तबकडी अडकते का, सगळं टिपलेलं. एकदा तर त्यांनी मुद्दाम अंधारातला प्रसंग लावायला सांगितला आणि काळ्या भिंतीपुढे काळा कोट वेगळा दिसतो का, ते टीव्हीला नाक लावून पाहिलं.

"भाऊ, आता कोन घेते हे?" चंद्रभान स्वतःच म्हणाले. असा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. "मोबाइलवर सारंच दिसते."

"दिसते, पण ऐन वेळेवर गोल गोल फिरत राह्यते," धम्मानंद म्हणाले. "आन् जो तो आपापल्या खोलीत पाह्यते. मले सोबत पाहाचं आहे."

मग त्यांनी लहानपणचं सांगितलं. त्यांच्या गावी, कुहीला, मोहल्ल्यात एकच टीव्ही होता. भाड्याने व्हिडिओ आणला की सगळी गल्ली अंगणात बसायची, आणि विनोद झाला की सगळ्यांचं हसू एकदम फुटायचं. तसं हसू त्यांना पुन्हा ऐकायचं होतं. त्यासाठी एवढा खटाटोप.

पाचव्या रविवारी दीक्षानं माझ्यावर बोट ठेवलं. "हा घ्या, बाबा. याच्यात डोळ्यातलं पाणीबी दिसते." तिच्या त्या बोटावर मी तेव्हाच जीव टाकला.

घरी नियम ठरला. शनिवारी संध्याकाळी सात वाजता सिनेमा. तबकडी कुरिअरनं यायला दहा-बारा दिवस लागायचे. तोवर तो सिनेमा कोणी कुठेही पाहायचा नाही. दीक्षानं कबूल केलं. तिची आई प्रेमिला शाळेत शिकवते, परीक्षेत कॉपी पकडण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. तिनंही कबूल केलं.

पहिले दोन शनिवार काय सांगू तुम्हाला! धम्मानंद सहालाच खुर्च्या मांडायचे, पडदे ओढायचे, तबकडी मऊ फडक्यानं पुसायचे. चिवड्याची परात मधे. भुताच्या प्रसंगाला प्रेमिला अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरून विचारायला आले. तिघंही पोट धरून हसले, एकदमच हसले. धम्मानंद तर पडद्यापेक्षा त्या दोघींकडेच जास्त पाहत होते. मला वाटलं, आपल्या जन्माचं सार्थक झालं.

पुढे काहीतरी बिनसलं. नट तोंड उघडायच्या आत मायलेकींना हसू यायचं. पडद्यावरचं दार उघडण्याआधीच प्रेमिला "अगं बाई!" म्हणायची. मी मनातून घाबरलो. आपल्याच पोटात काही बिघडलं की काय?

मग एका दुपारी समोरच्या स्वयंपाकघरातून मला आवाज आले. उघड्या दारातून सगळं दिसलं. पिठाच्या डब्याला टेकवलेला मोबाइल, पोळ्या लाटणारी प्रेमिला, शेजारी ओट्यावर बसलेली दीक्षा आणि त्यांचं खिदळणं. पुढच्या शनिवारी माझ्या पोटात जी तबकडी आली, तिच्यात शब्दन् शब्द तेच संवाद होते. मैत्रिणींनी सिनेमा आधी पाहिला म्हणून दीक्षाला राहवायचं नाही, आणि दीक्षाचं पाहून आईला. मी जीव तोडून दाखवायचो तो सिनेमा या दोघींनी तळहाताएवढ्या काचेवर उरकलेला असायचा. मला ऐकू येतं, पण माझं कोणाला ऐकू येत नाही. हे माझं दुखणं जुनं आहे.

धम्मानंदांच्याही लक्षात आलं, पण त्यांच्या मनात दुसरंच. घरच्या माणसांवर संशय घेणं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"दीक्षा, तुम्ही आधी हसता आन् बोलणं मंग ऐकू येते. आवाज मागून येऊन राह्यला का वं?"

आता ती खरं बोलेल, असं मला वाटलं. ती क्षणभर आईकडे पाहून म्हणाली, "हो बाबा, थोडा मागून येते. प्लेअरमधेच गडबड असन."

प्लेअरमधेच! जिनं मला निवडलं, तिनं! प्रेमिलानंही मान डोलावली. मला त्या दिवशी एवढं लागलं, की कारखान्यात कुणी हातोडा मारला असता तरी इतकं लागलं नसतं.

धम्मानंदांनी आठ दिवस माझा आवाज मागेपुढे करून पाहिला. शेवटी मला कापडी पिशवीत घालून, मांडीवर घेऊन मेट्रोनं सीताबर्डीला नेलं. चंद्रभानांनी माझं झाकण उघडलं, तासभर तपासलं.

"मशीन बराबर आहे भाऊ. ओठ आन् आवाज संगंच चालून राह्यले. घरी पिक्चर आधीच पाह्यला असन कोनी. आमच्या घरीबी तसंच आहे."

"आमच्या घरी नाही," धम्मानंद ताडकन म्हणाले. "आमचं ठरलं आहे."

पण परतताना ते मला मांडीवर धरून बसले होते. स्टेशन आलं तेही त्यांना कळलं नाही, पुढच्या स्टेशनवरून मागे यावं लागलं.

त्या शनिवारी त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. खुर्ची जरा तिरपी करून ते दोघींचे चेहरे पाहत बसले. अर्धा सिनेमा झाला. नटानं अजून तोंडही उघडलं नव्हतं आणि दीक्षा खुदकन हसली. धम्मानंदांनी रिमोट दाबला. चित्र थांबलं.

"अजून तं तो बोललाबी नाही. काहून हसली वं?"

प्रेमिलानं चिवड्याची परात उगाच जवळ ओढली.

"किती पाह्यले असे?"

"पहिले दोन सोडून सगळे," दीक्षा मान खाली घालून म्हणाली.

"अहो, तुम्ही एवढ्या हौसेनं खुर्च्या मांडता," प्रेमिला म्हणाली. "तुमचं मन मोडू नये म्हणून आम्ही..."

धम्मानंदांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी समजत होतो, आपण तिघं संगं हसून राह्यलो. मी एकटाच हसून राह्यलो होतो. तुम्ही दोघी मले पाहून राह्यल्या होत्या. आन् त्या मशीनले खोटी ठरवली."

"लावा ना बाबा पुढं. आता खरंच संगं पाहू."

"तुम्हाले शेवट माहीत आहे," ते म्हणाले, टीव्ही बंद केला आणि खुर्च्या एकेक करून जागेवर ठेवल्या.

याला तीन आठवडे झाले. तबकडी माझ्या पोटातच आहे. शनिवारी सात वाजता तिघंही आपापल्या खोलीत असतात. परवा दीक्षा बाबांजवळ येऊन बसली. तिला फार वाईट वाटतंय, हे मला कबूल करावंच लागेल. ती म्हणाली, "बाबा, त्या पिक्चरमधे शेवटी तो परत..."

"सांगू नको," धम्मानंद एकदम म्हणाले आणि उठून गेले.

धम्मानंद, त्या दोन शब्दांवर मी तग धरून आहे. म्हणजे तुम्हाला अजून पाहायचंय! मग माझ्या डोक्यावरचा हा पसारा बाजूला करा आणि बटण दाबा. दोघींना हवं तर बोलवा, नको तर एकटे बसा. उरलेली अठ्ठेचाळीस मिनिटं मी तुमच्यासाठी सांभाळून ठेवली आहेत. शेवट मलाही माहीत आहे, तबकडी पोटात आली तेव्हापासून. पण तुमच्याआधी तो मी कोणालाही दाखवलेला नाही.