नऊ बादल्यांचा रंग

"पाण्यात सहा वाढल्या, मग रंगातही सहाच वाढवायची," असं म्हणत मुकादमाने फळ्यावर भला मोठा आठ काढला आणि खडूचा हात पँटला पुसला.

तो आठ पाहून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गणित साधं होतं. तीन बादल्या पाण्याला दोन मापं रंग, तर नऊ बादल्यांना किती? कापड रंगवायच्या कारखान्यात याच माणसाने एकदा आठ मापं ओतायला लावली होती. ताग्यांचे तागे नासले आणि याने खापर फोडलं रंगाऱ्यावर. म्हणे, पिऊन आला होता, हात थरथरत होता! ज्याने उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला शिवलं नाही, त्याच्यावर! पुन्हा कोणी त्याला कामावर ठेवलं नाही. तो रंगारी म्हणजे बाईंचे वडील. चारचौघांत चहाचा कप उचलायलाही ते अजून कचरतात.

मुकादमाला हे नातं ठाऊक नव्हतं. 'हिशेब शिका, नाहीतर घरी बसा,' असं नव्या मालकाने बजावल्यामुळे तो कामगारांसोबत संध्याकाळच्या वर्गाला येत होता.

"चुकलं का हो, बाई?"

"चुकलं. पण मी तुम्हाला शिकवल्याशिवाय सोडणार नाही."

आणि बाईंनी शिकवलं. कधी पेले मांडून, कधी खडे मांडून, न चिडता, न कंटाळता. वर्गात चेष्टा सुरू झाली, मुकादम बाईंचा लाडका म्हणून. लाडका कसला! कापायच्या बोकडाला आधी चारा घालतात, तशातली गत.

शेवटी एका संध्याकाळी त्याने तेच गणित सोडवलं. "नऊ म्हणजे तीनदा तीन. मग रंग तीनदा दोन. सहा!" त्याचा चेहरा खुलला.

"बरोबर. आता समजा, कोणी सहाऐवजी आठ ओतायला लावली, तर कापडाचं काय होईल?"

खडू फळ्यावरच थांबला. बाकांवरचे सगळे त्याच कारखान्यातले.

"तुम्ही त्या रंगाऱ्याच्या कोण?"

"मुलगी."

आता हा खचेल, याची बाई कधीपासून वाट पाहत होत्या. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "हिशेब येत नव्हता, बाई. पण डोळे होते की. दुसऱ्याच ताग्याला रंग जास्त झाल्याचं कळलं होतं मला. बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती."

म्हणजे हा मेला सगळं जाणून होता! बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. आवाज मात्र चढला नाही.

"मला कशाला सांगता? वर्गाकडे तोंड करा."

"बाई, पाया पडतो..."

"आणि मोठ्याने बोला. बाबा बाहेर व्हरांड्यात बसलेत. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं."