न मागणारा

ब्रह्मदेशातल्या लढाईवरून शमुवेल मास्तर साताऱ्याला परतले, त्याला दोन वर्षं होत आली. तरी रोज उजाडताच ते उंबऱ्याबाहेर वाडगाभर भात ठेवत.

तिकडं पलटणीच्या दवाखान्यात असताना त्यांनी एकाच माणसाला ख्रिस्ताच्या वाटेवर आणलं, मौंग बा नावाच्या शेतकऱ्याला. त्याचा म्हातारा बाप बौद्ध भिक्षू झालेला. रोज सकाळी तो पात्र घेऊन लेकाच्या दारी उभा राही. नजर खाली, तोंडातून अवाक्षर नाही.

"पुण्य लागतं म्हणून वाढू नकोस," मास्तरांनी शिष्याला बजावलं. "त्यानं मागितलं तर दे. भुकेला माणूस मागतोच."

मास्तर शहाणे ना! साताऱ्यातला भिकारी आळी डोक्यावर घेतो, त्यांना तेवढंच ठाऊक. भिक्षूनं तोंडानं मागायचं नसतं, हे सांगायला मौंग बानं तोंड उघडलं आणि मिटलं. गुरूला उलट बोलायची त्याच्या घरात रीत नव्हती. त्यानं बापाला वाढणं थांबवलं. लढाईनं गाव ओस पडलेलं, म्हाताऱ्याला दुसरं दार उरलं नव्हतं. एके सकाळी तो चिंचेखाली बसला, तो उठलाच नाही. मास्तरांना तो नियम कळला चितेपाशी.

"आवं, दारात कुणीबी न्हाई," बायको सगुणाबाई आजही म्हणाली.

"हाय."

ऊन डोक्यावर येईतो मास्तर भातासमोर बसून राहिले. मग त्यांनी वाडगा उचलला.

"दुपारनंतर भिक्षू खात न्हाई," ते म्हणाले. "आजबी मला उशीर झाला."