सगळं हिरवं

सिहेमने नव्या नियमांच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीवर मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं टाइप केलं आणि प्रोग्राम चालू केला. तो कोसळायला हवा होता. तो बिनघोर चालला. पडद्यावर साऱ्या रुग्णांची नावं हिरवीच राहिली, गाबेसला एकटी राहणाऱ्या तिच्या आईचंही.

मधुमेह्यांच्या घरच्या यंत्रांवरून ट्युनिसच्या या कचेरीत रक्तातल्या साखरेचे आकडे येत. साखर वाढली की जुने नियम इशारा देत; पहाटे ती घसरली तरी मिळावा, म्हणून तिने नवे लिहिले होते. ते बसवल्यापासून तसा एकही इशारा आला नव्हता, आणि सगळे त्यावर खूश होते.

“चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस?” शेजारच्या टेबलावरचा मोंजी म्हणाला. “एक तरी चूक दाखवली का त्याने?”

“तेच तर! माझी फाइल तो वाचतच नाहीये.”

ती उठली, बसली, पुन्हा उठली. मग ती ओळ दिसली. प्रोग्राम पायथन या संगणकभाषेत होता. फाइली कुठे शोधायच्या याच्या पायथनच्या यादीत तिने नव्या फोल्डरचा पत्ता घातला होता, पण साध्या मजकुराऐवजी ‘पाथ’ नावाच्या वस्तूच्या रूपात. माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. पायथनला त्या यादीत फक्त मजकूर चालतो. दुसरं काही दिसलं की तो ते ओलांडून पुढे जातो आणि ताकास तूर लागू देत नाही. पुढे त्याच नावाची जुनी फाइल होती. इतके दिवस तो तिच्यावरच भागवत होता.

तिने पत्त्याचा मजकूर केला, कचरा पुसला, प्रोग्राम पुन्हा चालू केला. काही नावं लाल झाली. त्यांत आईचं होतं.

मोंजी दवाखान्याला फोन लावू लागला. सिहेमने आईला लावला.

“लाबेस, आई?” खुशाली विचारायचा रोजचाच शब्द तिच्या तोंडून गेला. त्याचं उत्तरही तोच शब्द.

“लाबेस, पोरी. अल्हम्दुलिल्लाह.”

“ते राहू दे. पहाटे काय होतं तुला?”

पलीकडे चहाचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

“फौझियाने चुगली केली वाटतं. या शेजारणी म्हणजे! अगं, अंग थरथरतं, घाम फुटतो. काल उंबऱ्यात पडले. साखर तोंडात टाकली, उठले.”

“मला सांगायचं नाही?”

“तू लाबेस विचारतेस. त्याला लाबेसच म्हणतात ना?”

सिहेमने पर्स उचलली.

“फौझियाला आत्ता घरी बोलाव. मी निघालेच,” ती म्हणाली.

“आई लाबेस?” मोंजीने फोनवर हात ठेवून विचारलं.

उत्तर सवयीने तिच्या ओठांवर आलं होतं.

“नाही,” ती म्हणाली.