आवडाबाईचा पाय

हौसाबाई कमरेत वाकून दारावरून चालली होती, आणि आवडाबाईकडं न बघता चालली होती. आवडाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं नि उंबऱ्याजवळची जागा पदरानं झटकली.

"उसण भरली का गो? ये, पालथी पड."

हौसाबाई थांबली. "नको. नौपाड्याला चालली मी. डाक्टर सुई देतो, मंग दुखत नाय."

आवडाबाई पायाळू. आईच्या पोटातून आधी तिचे पाय बाहेर आले, आणि अशा माणसाच्या पायाला उसण काढायचा गुण असतो, हे खाडीकाठच्या त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक. मिठागरात दिवसभर वाकून मीठ ओढायचं म्हटल्यावर कंबर कुणाची धड राहणार? त्यामुळे दर दोन-चार दिवसांनी कुणी ना कुणी तिच्या दारात पालथं पडलेलं असायचं, आणि ती डाव्या पायानं दुखऱ्या जागेला हलकेच तीनदा शिवायची. तिला धड चालताही येत नव्हतं तेव्हा बापानं काखेत धरून तिचा पाय गावच्या पाटलाच्या पाठीवर टेकवला होता. पाटलाला लाथ मारून वर लाडू खाणारी गावात ती एकटीच.

गुण पायाचा होता की गप्पांचा, देव जाणे. उसण निघाली तरी माणूस लगेच उठायचं नाही. कोण कुणाशी भांडलं, कुणाची सून माहेराहून परत आली, सगळं तिथंच कळायचं. नवरा गेला, पोटी मूल नाही, पण गावाच्या कमरांनी तिचं घर कधी रिकामं पडू दिलं नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत नौपाड्यात एका तरुण डॉक्टरांनी दवाखाना थाटला. आधी एकदोघं गेली, मग गाव गेलं. आवडाबाईला राग आला नाही. दुखणाऱ्यानं गुण येईल तिथं जावं. पण बोलायला कुणी नाही म्हणून एका संध्याकाळी ती कोंबड्यांनाच दिवसभराची हकिगत सांगत बसली, आणि तिची तिलाच भीती वाटली.

मग तीही दवाखान्यात गेली. बाकावर धोंडीबा, बायजा, हौसाबाई, सगळी गावचीच माणसं. तिला बघून सगळे चपापले. शेवटी धोंडीबाच म्हणाला, की पायाळूला सवताची उसण कुठं काढता येते, आणि हसत हसत सगळ्यांनी सरकून तिला जागा दिली. नंबर येईपर्यंत आवडाबाई पोटभर बोलली. तेव्हापासून ती दर आठवड्याला जाऊ लागली. आत गेल्यावर कधी धोंडीबाची चमक आपली म्हणून सांगायची, कधी बायजाची कळ. दुसऱ्यांची दुखणी तिला तोंडपाठ होती.

एकदा डॉक्टरांनी पडदा ओढला, तिला टेबलावर पालथं झोपवलं आणि कमरेचा मणका न् मणका दाबून बघितला. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या पाठीला पाय लावला होता. तिच्या पाठीला कुणाचा हात लागून मात्र वर्षं लोटली होती. तिला रडू आवरेना.

"दुखलं का?"

"नाय."

"बाई, तुमच्या कमरेला काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "उगाच इतक्या वेळा कशाला येता? आता येऊ नका."

आवडाबाई उठून बसली. खोटं बोलायचा तिला आता कंटाळा आला होता.

"डाक्टर, माझ्या दारात येणारा समदा गाव तुमच्या बाकावं बसलाय. मंग मी कुठं बसू?"

डॉक्टरांनी पडदा सारला. बाहेर माणसं ताटकळली होती. त्यांनी पुढच्याला हाक मारली.

बाकावर तिची जागा भरून गेली होती. दाखवून झालेल्या माणसासाठी कोण सरकणार? हौसाबाईनं विचारलं, डाक्टर काय बोलला, परत कवा यायचं.

"बोलवलंय गो," आवडाबाई म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून पायऱ्या उतरली. बाकावरून दिसत होती तोवर तिनं तो हात काढला नाही.