सुरळीतला मळ

सुरळी अर्धी जळाली तसे शेडमधले शंभरेक लोक एकदम पुढे सरकले. बाकावर कुशीवर निजलेल्या पॅकरने डोळे गच्च मिटले होते. त्याच्या वर केलेल्या कानात मेण लावलेल्या कापडाची एक पोकळ सुरळी उभी होती आणि तिच्या टोकाला ज्योत फुरफुरत होती. कानाभोवती ओला टॉवेल, शेजारी कात्री आणि ताटली, आणि उशाशी दोन्ही हात हवेत धरून खुद्द सुरळीबाबा.

"हलू नका, दादा!" बाबा गरजले. "अग्नी ओढतोय! वर्षानुवर्षांची घाण धुरावर बसून वर येतेय! मेंदूच्या दारातून निघाली... वळली... आली!"

मेंदूला दार कोणत्या बाजूला असतं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. बाबांनी सुरळीचं थोटूक उपसलं, पाण्यात विझवलं, कात्रीने उभं कापलं आणि ताटलीत उलगडलं. आत तपकिरी, चिकट गोळा होता आणि त्यात तांबडी कणी चमकत होती.

"ओळखा बघू काय ते!"

"माती!" पॅकरच ओरडला. "आपल्या कारखान्याची माती!"

झालं. शेडभर नुसता हलकल्लोळ. या वस्तीतली माणसं तीन पिढ्या मातीच्या कारखान्यात राबत होती. एका अंगाला तांबड्या मातीचे नळ, दुसऱ्या अंगाला पांढऱ्या मातीच्या बरण्या. श्वासात माती, केसांत माती, डब्यातल्या घासात माती. ती कानातही साचली असणार, हे प्रत्येकाला आधीपासूनच पटलेलं होतं. परक्या माणसाला त्या गोळ्यात मेण दिसलं असतं, यांना आपला जन्म गेलेला दिसला.

रांगेत तिसरी उभी होती टिचकीमावशी. तिला यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. बाबांचं बोलणं नणंद तिच्या कानाशी तोंड नेऊन पोहोचवत होती, आणि तेही अशा आवाजात, की पुढच्या दोन बायकांनी कानांवर हात ठेवले.

"वहिनी, निघाली म्हणे! मेंदूच्या दारातून!"

"काय निघालं?"

"माती!"

मावशीने मान डोलावली. कोणी दगड निघाला म्हणालं असतं, तरी तिने मान डोलावली असती. तिची अवस्थाच तशी झाली होती.

टिचकीमावशी हे नाव तिला कामावरून पडलं होतं. भट्टीतून निघालेली प्रत्येक पांढरी बरणी तिच्यासमोर यायची. ती बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि ऐकायची. खणखणीत वाजली तर बरी, बद्द वाजली तर आत केसाएवढी भेग. डोळ्यांना न दिसणारी भेग तिचा कान पकडायचा. बावीस वर्षं तिने हेच केलं होतं. आवाजाबद्दल शंका आली, की ती खात्रीची एक बरणी शेजारी घ्यायची आणि दोन्ही पाठोपाठ वाजवून बघायची. त्या बरणीला ती 'साक्षीदार' म्हणायची. मुकादम थट्टा करायचा, "मावशी कोर्टात असायला हवी होती!"

दोन महिन्यांपूर्वी तिचे कान बसले. आधी डावा, मग उजवा. तिने कोणाला सांगितलं नाही, अंदाजाने बरण्या पास केल्या. त्यातली एक ॲसिड भरताना फुटली आणि गोदामातल्या हमालाचा हात कोपरापर्यंत भाजला. मावशी त्याला भेटायला गेली, तेव्हा तो काहीतरी बोलला. तिला ते ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागेना.

मुकादम वाईट नव्हता. त्याने पाटीवर खडूने लिहून दाखवलं, 'पुढच्या गुरुवारी दहा बरण्या. ओळखल्यात तर काम चालू.' न ओळखल्यास काय, ते त्याने लिहिलं नाही. घरी नवरा दम्याने अंथरुणाला खिळलेला, नणंद शिवणकामावर. बाकी सगळं घर मावशीच्या त्या दोन कानांवर उभं होतं.

दवाखान्यात ती गेली नव्हती असं नाही. कानाची डॉक्टरीण फक्त बुधवारी यायची आणि तीसच नंबर घ्यायची. पहिल्या बुधवारी मावशी पोहोचली तेव्हा नंबर संपलेले. दुसऱ्या बुधवारी डॉक्टरीणच रजेवर. तिसऱ्या बुधवारी डॉक्टरीण होती, पण मावशीचा नंबर बत्तिसावा. खिडकीतल्या कंपाउंडरला तिची दया आली. त्याने बाटली पुढे केली आणि बोटांनी खूण केली, पाच थेंब, दिवसातून तीनदा, पुढच्या बुधवारी या. आणि खिडकी लावून घेतली.

मावशीने थेंब घातले. चौथ्या दिवशी उरलंसुरलं ऐकू येणंही बंद झालं. नवऱ्याचा खोकला, नळाचं पाणी, स्वतःच्या चपलांचा आवाज, सगळं गेलं. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली आणि लहान मुलीसारखी रडली. आपलं रडणंही तिला नीट ऐकू येत नव्हतं. "औषधाने माझे कान मारले!" ती ओरडली. नणंदेने बाटली उचलून कपाटामागे टाकली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी बंद पडलेल्या पॅकिंगच्या शेडमध्ये सुरळीबाबा बसायचे. तिथे नंबर नव्हता, रजा नव्हती, खिडकी नव्हती. जो येईल त्याला बाबा हात धरून आत घ्यायचे.

मावशीची पाळी आली. बाबांनी तिचा डावा कान वर केला, सुरळी बसवली, पेटवली. आधी ऊब वाटली. मावशीला इतकं बरं वाटलं, की तिने मनातल्या मनात हमालाच्या पाया पडून घेतलं. मग कानाच्या पार आत काहीतरी टपकलं आणि सुई खुपसावी तशी कळ मस्तकात गेली. ती किंचाळली. बाबांनी तिचं डोकं दाबून धरलं.

"गाठ सुटतेय, माई! दुखलं म्हणजे सुटलं!"

सुरळी कापली. पॅकरच्या दुप्पट गोळा! शेडमध्ये टाळ्या पडल्या. नणंद हसत-रडत वहिनीच्या गळ्यात पडली. "येतंय का ऐकू? वहिनी, येतंय का?"

मावशी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली. काही म्हणजे काही येत नव्हतं. कान मात्र आगीसारखा जळत होता.

बाबा डगमगले नाहीत. "मळ निघाला, पण माईंच्या श्रद्धेलाच भेग आहे. आणखी सहा बैठका लागतील." नणंदेने हे बोटांनी दाखवलं. सहा. सहा रविवार. आणि परीक्षा गुरुवारी.

मावशीने ताटली ओढून घेतली. बावीस वर्षांच्या सवयीने गोळा बोटांत चुरडला आणि उजेडाला धरला. माती होती खरी. पण तांबडी. तिने आयुष्यात तांबड्या विभागात पाय ठेवला नव्हता. तिच्या अंगावर, कपड्यांवर, फुफ्फुसांत असेल ती पांढरी माती. मग तिच्या कानातून तांबडी कुठून आली?

पॅकर तांबड्या नळांवर काम करायचा. म्हणून त्याला शंका आली नाही.

मावशीच्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं. शंका आली की साक्षीदार हवा. असा कान हवा, ज्यात मळ नाही याची शंभर टक्के खात्री आहे. तिने शेडभर नजर टाकली. पिण्याच्या पाण्याशेजारी एक नवी कोरी पांढरी बरणी पडली होती. तिने ती उचलली, आतून पदराने पुसली, सगळ्यांना आतून दाखवली. मग बाबांच्या झोळीतून एक सुरळी उपसली आणि बरणीच्या तोंडात उभी धरली.

"लावा काडी!"

आपण किती मोठ्याने बोललो ते तिला कळलं नाही. शेडमधली सगळी डोकी तिच्याकडे वळली.

"हा मंत्रांचा अपमान आहे," बाबा म्हणाले. "बरणीला आत्मा नसतो!"

हे मावशीला ऐकूच आलं नाही, त्यामुळे तिच्यावर त्याचा काही परिणामही झाला नाही. नणंद एवढा वेळ ओठ चावत उभी होती. तिने काडी ओढली आणि सुरळी पेटवली. ज्योत खाली आली. नणंदेने थोटूक विझवलं, कात्री घेतली आणि शिवणाऱ्या बाईच्या सफाईने ते टोकापासून टोकापर्यंत कापलं.

तोच तपकिरी गोळा. तीच तांबडी कणी.

"ही बरणी परवा भट्टीतून निघालीय," मावशी म्हणाली. "हिच्यात कोणाची वर्षानुवर्षांची घाण? जळलेलं मेण आहे हे! आणि माती यानेच आत भरलीय!"

"पण माझा कान उघडला होता!" मागून एक बाई म्हणाली.

"तुला सर्दी होती ना?" नणंद म्हणाली. "सर्दीने बसलेला कान आठवड्याने आपोआप उघडतो. बाबा नसते तरी उघडला असता."

काहीजण बाबांवर धावले, काहीजण मावशीवरच चिडले. चालत्या गाडीला खीळ घातली म्हणाले. त्या गोंधळात बाबांनी झोळी आवरली आणि मागच्या दाराने पोबारा केला. मावशीला मात्र जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. ती रिकाम्या बाकावर बसली. खोटं होतं ते कळलं, पण खऱ्याची खिडकी अजून बंदच होती आणि गुरुवार आणखी जवळ आला होता.

बुधवारी पहाटेच दोघी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. नंबर चौथा. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून आत बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळं कागदावर लिहिलं, कारण बोलून उपयोग नव्हता.

'थेंबांनी मळ आधी फुगतो, मग सुटतो. म्हणून मध्ये दोन-चार दिवस जास्त बंद वाटतं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. चूक आमची.'

उजवा कान त्यांनी कोमट पाण्याने धुतला. मळाचा काळा खडा भांड्यात पडला आणि मावशीला पहिला आवाज आला तो नणंदेच्या हुंदक्याचा. डाव्या कानाला मात्र त्यांनी पाणी लावलं नाही. आत पडद्यावर गरम मेण सांडलं होतं आणि पडद्याला भोक पडलं होतं.

"भरून येईल?" मावशीने विचारलं.

"पुष्कळदा येतं. तुमचं येईल की नाही, ते आज मला सांगता येणार नाही."

मावशीला बाबा आठवले. बाबांना सगळं माहीत होतं. या बाईंना माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते तोंडावर सांगितलं.

गुरुवारी मुकादमाने दहा बरण्या मांडल्या. मावशीने एका कानाने नऊ निवडल्या, सात बऱ्या, दोन फुटक्या. दहावी तिने चारदा वाजवली.

"ही मला कळत नाही."

"अंदाजाने सांगा की, मावशी."

"अंदाजानेच त्या पोराचा हात भाजला. कळत नाही म्हणजे कळत नाही. शाई लावून बघा."

शाई लावली. घटकाभराने बुडाशी केसासारखी निळी रेघ उमटली. मुकादमाने पाटी पुसली आणि हजेरीत तिचं नाव लिहिलं.

डब्याच्या सुट्टीत पॅकर आला. तो मुद्दाम तिच्या उजव्या बाजूला उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "मावशी, माझा कान अजून बंदच आहे. बाबा आता नदीपलीकडे बसतात म्हणे. जाऊ का? तिथे निदान आजच्या आज बघतात तरी."

"आजच्या आज बघतात, आणि जन्माचा फोडतात," मावशी म्हणाली. "बुधवारी पहाटे दवाखान्याच्या पायरीवर ये. मी नंबर धरून बसते. पडदा शाबूत आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की मग थेंब घाल."

"आणि थेंबांनी आणखी बंद झाला तर?"

"होईल. दोन-चार दिवस ठार बंद होईल. घाबरू नकोस, औषध चाललंय असं समज. पण कळ आली, पू आला तर थांबू नकोस, तडक डॉक्टर गाठ." तिने डब्याचं झाकण लावलं. "एवढंच मला कोणी सांगितलं असतं ना, तर मी त्या बाकावर जाऊन निजले नसते. तू आता दहा जणांना सांग."